शिफारशीचं एक पान

पंचवटी, नाशिक
१२ डिसेंबर १९९७

ती. सर यांना शि. सा. नमस्कार.

पाचही पाकिटं काल सकाळी मुख्य पोस्टात जाऊन टाकली. येवल्याहून परत येताना तुमची शिफारसपत्रं मांडीवर घट्ट धरून बसले होते. निफाडला चढलेल्या एक मावशी बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाल्या, "लग्नाच्या पत्रिका व्हय गं?" मी हो म्हटलं. अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांत तत्त्वज्ञानाच्या पीएच.डी.साठी अर्ज करते आहे, हे समजावून सांगायला घेतलं असतं तर नाशिक आलं तरी संपलं नसतं.

पाकिटं बंद होती आणि तोंडावर तुमची आडवी सही होती. आत काय लिहिलंय ते अर्जदारानं बघायचं नाही, असा त्या लोकांचा नियम आहे. आई म्हणाली, "चहाचं आधण ठेवलंच आहे, वाफेवर धर एक. कुणाला कळतंय?" मी नाही धरलं. आपल्या वर्गातला आल्हादही अर्ज करतोय, त्याला त्याच्या पुण्याच्या सरांनी सरळ सांगितलंय, "तूच लिहून आण, मी खाली सही करतो." हे ऐकून मी त्याला खूप हसले. माझ्या सरांनी स्वतः लिहिलंय, हातानं, एक पान, हे त्याला तीनदा ऐकवलं.

अण्णांना ही शिफारसपत्राची भानगड लगेच समजली. तुम्हाला माहीतच आहे, गोदेच्या घाटावर क्रियाकर्माला आलेला यजमान परत जाताना त्यांच्या वहीत स्वतःच्या हातानं लेख लिहून देतो, की आम्ही अमुक गावचे अमुक, यांना आमचे तीर्थोपाध्ये मानलं, आमच्या पुढच्यांनीही यांनाच मानावं. पन्नास वर्षांनी नातू येतो, आजोबांचं अक्षर बघतो आणि दुसरीकडे जात नाही. "सरांचा लेख आहे ना तुझ्याजवळ?" अण्णा म्हणाले. "मग कसली काळजी करतेस?"

काळजी आहे, सर. मार्चनंतर कॉलेजातला तत्त्वज्ञान विभाग बंद होतोय. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा वर्गात अकरा जण होते, आता तीन आहेत आणि त्यांतला एक पंख्यासाठी येतो. मी तासावरची बाई, मला काढायला पत्रसुद्धा लागत नाही. अण्णांनी पंधरा एप्रिलपर्यंत मुदत दिली आहे. तोवर तिकडून शिष्यवृत्तीसकट बोलावणं आलं नाही, तर बी.एड.चा फॉर्म भरायचा आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. मी कबूल केलंय.

अर्जासोबत जो निबंध पाठवला तो आपल्या त्याच प्रश्नावर आहे. आठवतं ना? तुम्ही शिकवलं होतंत, की दिलेला शब्द ज्याला दिला त्याच्यासाठी पाळायचा असतो. तो माणूस मेला की शब्द सुटला. मी उभी राहिले आणि म्हटलं, मग आमचे अण्णा घाटावर रोज कुणाचं देणं फेडायला लावतात? तीन दिवस आपलं चाललं होतं. चौथ्या दिवशी तुम्ही तीस वर्षांच्या टिपणवहीतल्या त्या पानावर आडवी रेघ मारलीत आणि समासात लिहिलंत, "य. गा." यशश्री गायधनी. त्या दोन अक्षरांवर मी अजून जगते आहे.

आता वाट बघायची. तब्येतीला जपा.

तुमची,
यशश्री

-----

येवला
२१ डिसेंबर १९९७

चि. यशश्री हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकीट उघडलं नाहीस, हे योग्यच केलंस. तुझ्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

आल्हाद म्हणजे तोच ना, जो शेवटच्या बाकावर बसून डोळे उघडे ठेवून झोपायचा? त्याच्या प्राध्यापकांचं मला आश्चर्य वाटत नाही. हल्ली सगळे असंच करतात. विद्यार्थ्यानं स्वतःची आरती स्वतः लिहायची आणि गुरुजींनी खाली सही ठोकायची. मी चौतीस वर्षं नोकरी केली, दुसऱ्यानं लिहिलेल्या एका ओळीखाली सही केली नाही. माझ्या सहीला काही किंमत असेल तर ती एवढ्यासाठीच आहे.

तुझं पत्र लिहायला मला आठ दिवस लागले, हे आता सांगायला हरकत नाही. शब्द न् शब्द तोलून घातला. चार मसुदे फाडले. काय लिहिलं ते मात्र विचारू नकोस. एवढंच सांगतो, की असं पत्र मी आजवर कोणासाठी लिहिलेलं नाही.

इथं माझं ठीक चाललंय. शेजारी पुंजाचा माग आहे, सकाळी सहापासून खटखट सुरू होते. पहिल्यांदा डोकं उठायचं, आता थांबली की चुकल्यासारखं वाटतं. त्याची सुवर्णा म्हणून दहावीतली मुलगी आहे. परवा ओट्यावर येऊन मला विचारते, "सर, तुम्ही बसून बसून नेमकं करता काय?" मी म्हटलं, विचार करतो. तर म्हणे, "मग दिसत का नाय काही झालेलं?"

मुदतबिदत डोक्यात ठेवू नकोस. तुझ्यासारखी मुलगी त्यांना दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही.

तुझा,
वेणीमाधव टेंबे

-----

पंचवटी, नाशिक
२४ फेब्रुवारी १९९८

ती. सर यांना शि. सा. नमस्कार.

पहिलं उत्तर आलं. नाही म्हणाले.

पाच विद्यापीठांची नावं घरात कोणाला उच्चारता येत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना आपली नावं दिली आहेत. बर्फवालं, नदीवालं, वाळवंटातलं, जुनं आणि मोठं. नाही म्हणालं ते बर्फवालं. आई म्हणाली, "बरं झालं, तुला थंडी सोसत नाहीच." मी तिच्यावर ओरडले आणि मग दिवसभर स्वतःवर चिडत बसले.

वाट बघणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. आमचा पोस्टमन धोंडीराम साडेअकराला गल्लीच्या तोंडाशी येतो. माझा तास साडेदहाला संपतो. मी सायकल हाणत घरी येते आणि ओट्यावर गहू निवडत बसल्याचं सोंग करते. दोन महिन्यांत एवढे गहू निवडले की आई म्हणते, पुढच्या वर्षीचेही झाले. अण्णांना रोज पाच-सात कार्डं असतात. कोणाला तिथी हवी, कोणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, कोणी परभणीहून विचारतं की उतरायची सोय आहे का. मेलेल्यांची सगळी कामं वेळेवर होतात. माझं तेवढं येत नाही.

आल्हादनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, की जाडजूड पाकीट आलं तर घेतलं समजायचं, कारण आत फॉर्म असतात. पातळ आलं तर उघडायचीही गरज नाही. धोंडीरामनं लांबूनच पाकीट हलवून दाखवलं, खूश होऊन. पातळ होतं. तरी मी त्याला चहा दिला.

आत तीन ओळी होत्या. यंदा अर्ज फार होते आणि जागा थोड्या. त्यांना खेद वाटतो आणि माझ्या पुढच्या वाटचालीस त्यांच्या शुभेच्छा आहेत. कुठली वाटचाल, ते त्यांनी लिहिलं नाही.

अजून चार आहेत.

तुमची,
यशश्री

-----

येवला
३ मार्च १९९८

चि. यशश्री हिस अनेक आशीर्वाद.

एका ठिकाणाहून नकार आला म्हणून एवढं हातपाय गाळायचं? तुझ्या निबंधात एखादी गोष्ट त्यांना रुचली नसेल. श्राद्ध, पिंड हे शब्द परक्या माणसाला विचित्र वाटतात. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, की घाटावरची उदाहरणं काढून टाक आणि विषय जरा सौम्य मांड. तू ऐकलं नाहीस. असो, आता बोलून काय उपयोग.

माझ्या पत्राची काळजी करू नकोस. ते भक्कम आहे. निबंध कच्चा निघाला तरी पत्र तुला तारून नेईल.

गहू निवडण्यापेक्षा काहीतरी वाच.

तुझा,
वेणीमाधव टेंबे

-----

पंचवटी, नाशिक
२६ मार्च १९९८

ती. सर यांना शि. सा. नमस्कार.

एका आठवड्यात तीन आली. नदीवालं सोमवारी, जुनं बुधवारी आणि मोठं आज. तिन्ही पातळ. आता धोंडीराम पाकीट हलवत नाही. सायकलवरून न उतरता, माझ्याकडे न बघता ओट्यावर ठेवतो आणि पुढे जातो. त्याच्या त्या न बघण्याचा मला जास्त राग येतो.

विभागाच्या कपाटाच्या किल्ल्या परवा ऑफिसात जमा केल्या. तुमची जुनी टिपणवही वरच्या कप्प्यात होती, ती तेवढी घरी आणली. कोणी विचारलं नाही.

आणखी एक बातमी. मोठ्यानं आल्हादला घेतलं. हो, त्याच मोठ्यानं. पाच वर्षांची पूर्ण शिष्यवृत्ती. काल पेढे घेऊन आला होता. अण्णांनी दोन खाल्ले, मी एकही खाल्ला नाही, आणि त्याच्या ते लक्षात आलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "यशू, तुझा निबंध मी वाचलाय, माझ्यापेक्षा दहापट चांगला होता. हे झालं कसं?" मग त्यानं स्वतःच स्वतःवर लिहिलेलं शिफारसपत्र मला दाखवलं. त्यात त्यानं सरांच्या तोंडी घातलं होतं, वीस वर्षांत असा स्वतंत्र बुद्धीचा विद्यार्थी पाहिला नाही. भर वर्गात माझं म्हणणं खोडून काढतो. माझ्या एका लेखातली चूक त्यानं मला दाखवून दिली आणि तो लेख मला नव्यानं लिहावा लागला. सर, आल्हादनं! ज्याला तुम्ही हलवून जागं करायचात. सगळं खोटं. लिहिताना त्याला एक क्षण लाज वाटली, असं तो म्हणाला.

जाताना त्यानं विचारलं, "तुझ्या सरांनी काय लिहिलं होतं?" मी म्हटलं, मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

वाळवंटातलं राहिलंय. पंधरा एप्रिलला वीस दिवस आहेत.

तुमची,
यशश्री

-----

येवला
१ एप्रिल १९९८

चि. यशश्री हिस अनेक आशीर्वाद.

तू विचारणार नाहीस असं लिहिलंस, म्हणजेच विचारलंस. चौतीस वर्षं मुलांमध्ये काढली आहेत मी.

वाईट वाटलं. तुझा माझ्यावर संशय आहे असं म्हणत नाही, पण आल्हादचं ते लोणकढ्या थापांचं पत्र वाचून तुझ्या मनात काहीतरी आलंच असणार. भर वर्गात गुरूला खोडून काढतो, हे काय कौतुक झालं? असल्या भांडकुदळ माणसाला त्यांनी कसं घेतलं, तेच मला समजत नाही. तिकडेही आता दर्जा राहिला नसावा.

मी काय लिहिलं ते आता सांगतोच. मूळ इंग्रजी पत्राची कार्बन प्रत सोबत पाठवतो आहे. पण तुझ्या आईवडिलांनाही वाचून दाखवता यावं म्हणून मराठीत उतरवतो.

"कुमारी यशश्री गायधनी ही दोन वर्षं माझी विद्यार्थिनी होती. ती नाशिकच्या एका जुन्या, विद्वान व सच्छील घराण्यातील आहे. स्वभावानं ती अत्यंत नम्र, आज्ञाधारक आणि कष्टाळू आहे. दोन वर्षांत तिनं एकही तास बुडवला नाही, आणि एकदाही माझं म्हणणं खोडून काढलं नाही. शिकवलेला भाग ती जसाच्या तसा उत्तरपत्रिकेत उतरवू शकते. तिचं हस्ताक्षर अतिशय सुंदर आहे. तिच्यामुळे आपल्या विभागास कधीही, कसलाही त्रास होणार नाही, याची हमी मी माझ्या चौतीस वर्षांच्या अनुभवावरून देतो."

वाच आणि सांग, यात कुठे काही उणं आहे का. ते तीन दिवसांचं प्रकरण, मेलेल्यांना दिलेल्या शब्दाचं, ते मी मुद्दाम गाळलं. पहिल्या मसुद्यात होतं. मग विचार केला, ही आपली मुलगी, परक्या माणसांना वाटायचं उद्धट आहे. मला ते आवडलं होतं हे माझ्यापाशी. तुझ्यावर डाग कशाला ठेवू?

वाळवंटातलं येईल. मला खात्री आहे.

तुझा,
वेणीमाधव टेंबे

-----

पंचवटी, नाशिक
१७ एप्रिल १९९८

ती. सर यांना शि. सा. नमस्कार.

पत्र आणि कार्बन प्रत दोन्ही मिळाली. दोन्ही वाचली. अण्णांना मराठी वाचून दाखवलं. त्यांना फार आवडलं. म्हणाले, "एवढा लेख असून घेतलं नाही, म्हणजे त्या लोकांना माणसाची पारख नाही."

यात काही उणं नाही, सर. हस्ताक्षराबद्दल आवर्जून लिहिलंत, त्याबद्दल आभारी आहे.

वाळवंटातलं मंगळवारी आलं. पातळ होतं. बी.एड.चा फॉर्म काल भरला. फॉर्मवर 'अध्यापनाचे विषय' असा रकाना होता, त्यात इतिहास आणि नागरिकशास्त्र लिहिलं. तत्त्वज्ञान शाळेत नसतं.

उन्हाळा आहे, दुपारी बाहेर पडू नका.

यशश्री

-----

येवला
९ ऑक्टोबर २००५

चि. यशश्री हिस अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या शुभेच्छापत्राखेरीज आपला पत्रव्यवहार बंदच पडला. तू दिंडोरीच्या शाळेत रमलीस हे मागच्या कार्डावरून कळलं. अण्णा गेल्याचं मात्र मला सहा महिन्यांनी दुसऱ्याच कोणाकडून समजलं. कळवायचं होतंस.

आज एका कामासाठी लिहितो आहे. शेजारच्या पुंजाची सुवर्णा तुला आठवत असेल, मी लिहिलं होतं तिच्याबद्दल. दहावीतली ती पोर आता एम.ए. झाली, तत्त्वज्ञानात. बापानं मागावर बसवायचा हट्ट धरला होता, तिनं दिवसा माग आणि संध्याकाळी माझ्याकडे अभ्यास असं चार वर्षं काढलं. आता तिला तुझ्यासारखंच बाहेर जायचं आहे. दोन विद्यापीठांत अर्ज करते आहे. पुंजानं फेब्रुवारीतला मुहूर्त धरून स्थळ बघून ठेवलंय. तोवर उत्तर आलं नाही तर पोरगी गेली संगमनेरला, सासरी.

तिच्यासाठी शिफारसपत्र लिहिलं आहे. खरं सांगू, नव्यानं काही लिहिलं नाही. तुझ्या वेळचा मजकूर इतका जमून आला होता की त्यानंतर मी तोच वापरतो, फक्त नाव आणि घराण्याची ओळ बदलतो. तुझ्यानंतर हे चौथं. हल्ली हातानं लिहिलेलं चालत नाही म्हणतात आणि मला बारीक अक्षर दिसतही नाही. तू नाशिकला कॉम्प्युटरवर चांगल्या कागदावर दोन प्रती छापून घे आणि मला पाठव. मी सही करून पाकिटं बंद करतो. मजकूर सोबत आहे.

पोरगी हुशार आहे, पण हुज्जत फार घालते. रोज काही ना काही निघतंच, "सर, हे मला नाय पटत." परवा तर मला वाक्य अर्ध्यावर सोडून द्यावं लागलं. अर्थात ते काही मी पत्रात घातलेलं नाही.

तुझा,
वेणीमाधव टेंबे

-----

नाशिक
१८ ऑक्टोबर २००५

ती. सर यांना शि. सा. नमस्कार.

प्रती छापलेल्या नाहीत. का, ते सांगते. रागानं लिहिलंय असं तुम्हाला वाटेल, आणि ते खरं आहे.

मजकूर घेऊन मी कॉम्प्युटरवाल्याकडे गेले होते. त्यानं टाईप करायला घेतलं, "अत्यंत नम्र, आज्ञाधारक," आणि मला तिथं उभं राहवेना. मनात आलं, आपणच बदलावं. सुवर्णा तुम्हाला वाक्य अर्ध्यावर सोडायला लावते, हे लिहावं आणि तुमच्याकडे पाठवून द्यावं. तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही, सही केली असतीत. सोपं होतं. पण मग मी आल्हादला हसले होते ते कशासाठी, असं वाटलं. म्हणून कागद परत घेतला आणि घरी आले.

सर, ते पत्र पाठवू नका. त्या पत्रानं माझा घात केला.

तिकडे त्यांना प्रश्न विचारणारं माणूस हवं असतं. जो शिकवलेलं जसंच्या तसं उतरवतो आणि गुरूला कधी खोडून काढत नाही, असं त्याचा गुरूच लिहून देतो, त्याला ते घेत नाहीत. त्यांच्या लेखी तो मठ्ठ ठरतो. हे मला आल्हादनं नंतर समजावलं, त्यानं तिथल्या एकांना सहज विचारलं होतं. तुमचा एकेक शब्द तुम्ही कौतुकानं लिहिलात आणि त्यांनी तो एकेक शब्द माझ्याविरुद्ध वाचला. आणि जी एकच गोष्ट मला आत घेऊन गेली असती, ते तीन दिवस, ती तुम्ही डाग म्हणून पुसून टाकलीत. आल्हादनं खोटं लिहिलं, ते माझ्याबाबतीत खरं होतं. माझ्याबद्दल खरं बोलणारा एकच माणूस होता आणि त्यानं ते गाळलं.

मला तुमचा फार राग आला होता. अजून आहे. दिंडोरीच्या गाडीत रोज सकाळी खिडकीतून द्राक्षबागा बघते आणि मोजते, आता माझं तिसरं वर्ष असतं, आता पाचवं, आता प्रबंध झाला असता. सातवीच्या मुलांना ग्रामपंचायतीची रचना शिकवते. चांगली शिकवते, असं हेडमास्तर म्हणतात.

मग तेव्हाच का सांगितलं नाही? मी 'यात काही उणं नाही' असं लिहिलं. दोन दिवस तो कागद पुढ्यात घेऊन बसले होते. तुम्ही आठ दिवस लावून, चार मसुदे फाडून लिहिलेलं. तुम्हाला कसं सांगायचं, असं वाटलं. आपल्या सरांना कसं दुखवायचं? म्हणजे बघा, तुम्ही माझ्याबद्दल जे लिहिलं होतंत ते मी खरं करून दाखवलं. खोडून काढलं नाही.

सुवर्णावर ही वेळ आणू नका. तिचं भांडण लिहा. कशावरून भांडली, तुम्हाला वाक्य कुठं सोडावं लागलं, सगळं लिहा. घराणं आणि हस्ताक्षर काढून टाका.

अण्णा गेल्याचं कळवलं नाही, ते चुकलं.

यशश्री

-----

येवला
६ नोव्हेंबर २००५

चि. यशश्री,

पत्र सुवर्णाकडून वाचून घेतलं. डोळ्यांना आता दिसत नाही, हे मी तुला नीटसं कळवलं नव्हतं. तिनं एकही ओळ न गाळता वाचलं. शेवटाला आली आणि उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली ती नेहमीसारखी. हे पत्रही तीच लिहिते आहे, मी सांगतो तसं.

सात वर्षांत तू मला काही सांगितलं नाहीस. माझ्या भल्यासाठी सांगितलं नाहीस, हे समजलं. मीही तुझ्या भल्यासाठीच गाळलं होतं. त्या काळात तोच मजकूर मी आणखी तिघांना दिला. वणीचा गोरक्ष. तुझ्या मागच्या वर्गातली शुभांगी. आणि महेश, जो दोनदा अर्ज करून दोनदा परत आला. दोन्ही वेळा माझंच पत्र होतं. गोरक्ष आता बापाबरोबर गडाच्या पायथ्याशी नारळ-प्रसादाचं दुकान चालवतो. तिघांनाही मी हेच लिहिलं, की धीर धरा, पत्र भक्कम आहे, निबंधच कुठेतरी कच्चा पडला असेल.

एक कार्ड टाकलं असतंस तर. पण हे मी तुला कुठल्या तोंडानं म्हणू?

त्यानंतर मी नव्यानं लिहायला बसलो. म्हणजे सांगायला बसलो, सुवर्णा लिहीत होती. आठ दिवस प्रयत्न केला. तिचं भांडण सांगायला लागलो की तोंडातून आपोआप येतं, "परंतु स्वभावानं नम्र आहे." ती हात थांबवून म्हणते, "सर, आलं परत." खोडायचं, पुन्हा सांगायचं, पुन्हा तेच. सत्तरीला आलो, मला दुसऱ्या तऱ्हेनं कौतुक करता येत नाही. ते कधी शिकलोच नाही.

म्हणून तूच लिही. सुवर्णा पुढच्या रविवारी पहिल्या गाडीनं तुझ्याकडे येईल. तिला तुझ्याशी भांडू दे, आणि मग जे दिसेल ते लिही. मला वाचून दाखवायची गरज नाही.

सोबत दोन कोरे कागद पाठवतो आहे. खाली माझी सही केली आहे.

वेणीमाधव टेंबे